बाई, गाडी उभी आहे

इतर ख्रिस्ती घरांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी, म्हणजे ॲश वेन्सडेला, सुरू होत असेल. आमच्या घरात तो माझा नवरा दिलीप माळ्यावरून कूलर उतरवतो त्या रविवारी सुरू होतो. गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत जाळीतून झटकलं की एक कोंदट, गोडसर वास घरभर पसरतो, दिलीप चार-दोन शिंका देतो आणि मला एकदम तहान लागते. यंदाही तसंच झालं. जाळ्या बसवून त्यानं विचारलं, "लावू का?" मी म्हटलं, "थांब जरा." तर म्हणतो, "पुन्हा तहानेवर बोलायचंय व्हय तुला?" आम्ही दोघंही हसलो. त्याचं हसणं जरा बेताचंच होतं, कारण मी तहानेवर बोलले त्या वर्षी घामानं निथळला होता तो. मी नुसती लिहीत होते.

मी एसटीत कंडक्टर आहे. पैठण रस्ता माझा. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन, पैठण आणि परत. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात, घर बजाजनगरला, आणि चर्च पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. इंग्रजांच्या वेळचं, अँग्लिकन वळणाचं दगडी चर्च. भिंतींची जाडी एवढी की बाहेरचा उन्हाळा आत यायला एप्रिल उजाडतो, आणि एकदा आला की दिवाळीपर्यंत जात नाही. या चर्चमध्ये मला पाळक व्हायचं होतं. म्हणजे गळ्यात पांढरी पट्टी, अंगात झगा, हातात प्रभुभोजनाचा प्याला, ते सगळं. पण नोकरी सोडून नव्हे. नोकरी सोडली असती तर घराचा हप्ता कुणी भरला असता?

पूर्णवेळ पाळक व्हायचं तर दूर गावी वसतिगृहात राहून वर्षानुवर्षं शिकावं लागतं. नोकरी-संसारवाल्यांसाठी आमच्याकडे अर्धवेळ वर्ग निघाला होता. महिन्यातले दोन शनिवार, चर्चमागच्या हॉलमध्ये, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. दिलीप त्याला 'देवाची पार्टटाइम' म्हणायचा. डेपोतल्या बायकांनी माझं नाव 'फादरीण' ठेवलं होतं. शनिवारची सुट्टी मिळवायला मी त्यांच्या दिवाळीच्या, राखीच्या, नागपंचमीच्या ड्यूट्या केल्या. माझ्या पाळकपणाचा निम्मा अभ्यास असा दुसऱ्यांच्या सणांना गाडीत उभ्यानं झाला.

वर्गात आम्ही तिघं. मी, गणिताचे शिक्षक शिरसाठ सर, आणि बजाजनगरचाच अमोल, जो रात्रपाळी करून थेट वर्गात यायचा. शिकवायला रेव्हरंड साळवे. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, अंगानं काटकुळे, पण पाठीचा कणा असा की खुर्चीला पाठ लागलेली मी कधी पाहिली नाही. साहेबांच्या मते पाळकाची अर्धी विद्या अंगात असते. कसं चालायचं, कुठं वळायचं, हात कुठं ठेवायचे. पाय जुळलेले, हात छातीशी, नजर मंडळीच्या डोक्यांवरून शेवटच्या खिडकीकडं. शास्त्र मागाहून शिकवीन, आधी उभं राहायला शिका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तिथंच माझं घोडं अडलं.

कंडक्टरचं उभं राहणं वेगळं असतं. पाय फाकलेले, गुडघे सैल, कंबर सीटच्या कडेला टेकलेली आणि एक हात वर दांडीला. एवढ्या वर्षांत ते अंगात मुरतं. रेशनच्या रांगेत मी तशीच उभी राहते. माझ्या सासूसोबतच्या फोटोतही मी तशीच उभी आहे. पुलपीटवर, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावर, चढले की कंबर आपोआप कठड्याला टेकायची, पाय लांब व्हायचे आणि उजवा हात वर जाऊन दांडी शोधायचा. दांडी तिथं नसायची. हात हवेतच राहायचा, आणि खालून बघणाऱ्याला वाटायचं, बाई आशीर्वाद देतेय. दीक्षा झाल्याशिवाय आशीर्वाद द्यायचा अधिकार नसतो. साहेब डोळे मिटून घ्यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "बाई, गाडी उभी आहे."

हे वाक्य मी त्या वर्गात किती वेळा ऐकलं असेल, देवच जाणे. पुढं पुढं शिरसाठ सर आणि अमोल ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायचे.

बाप्तिस्मा शिकायला शिरसाठ सरांनी नातीची बाहुली आणली होती. आडवी केली की ती 'मम्मा' म्हणायची. मी तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं, ते आतल्या बॅटरीत गेलं, आणि बाहुली मम्मा म्हणायची थांबेचना. साहेबांनी मला तशीच सगळी प्रार्थना पूर्ण करायला लावली. "खरं बाळ याहून जास्त ओरडतं," ते म्हणाले. सरांची नात पुढं महिनाभर माझ्याशी बोलली नाही. अंत्यविधीच्या धड्याला अमोलला बाकावर आडवं केलं, अंगावर पांढरी चादर घातली. बिचारा रात्रपाळीचा. मी मातीला माती म्हणेपर्यंत मयत घोरायला लागलं होतं. शिरसाठ सरांनी त्याला हलवायला हात पुढं केला, तर साहेब म्हणाले, "झोपू द्या त्याला. हिशेबानं तोच बरोबर करतोय."

हे सगळं आठवलं की मी एकटीच हसते. मागच्या आठवड्यात बिडकीनजवळ अशीच हसले, तर पुढच्या सीटवरची बाई पदर सावरून खिडकीकडं सरकली.

पण मला पाळक व्हायचंच होतं, आणि त्याचं कारण बिडकीनच्या थांब्यावर उभं असायचं. एक आजी. वयानं वाकलेली, डोळ्यांना कमी दिसणारी. तिला कुठं जायचं नसायचं. गाडी थांबली की ती दाराशी येऊन विचारायची, "पाळकसाहेब कधी येणार हायत, माय?" आमच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या लहान, पाच-पाच, दहा-दहा घरांच्या. एका पाळकाकडं अशी कितीतरी गावं. त्यांची फेरी यायची ती कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी, आणि पावसाळ्यात त्याचीही खात्री नाही. आजीला प्रभुभोजन हवं असायचं. एवढुसा भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, पण तो पाळकाच्या हातूनच मिळायचा. मी म्हणायचे, "येतील आजी, लवकर येतील." मग दोरी ओढून डबल बेल द्यायची आणि गाडी निघायची. दिवसातनं चार वेळा मी तिच्या दारावरून जात होते. पाळकाला वेळ नव्हता आणि मला अधिकार नव्हता. मला ते सहन व्हायचं नाही.

आदल्या वर्षी साहेबांनी मला रोखून धरलं होतं. वर्षअखेरीला प्रत्येकाला मंडळीपुढं उपदेश करून दाखवावा लागे आणि साहेबांना पटला तरच नाव बिशपसाहेबांकडं दीक्षेसाठी जाई. माझा नंबर हंगामाच्या सणाला आला. चर्चमध्ये भोपळे, ज्वारीची कणसं, केळीचे घड मांडलेले, आणि लोक नेहमीप्रमाणे सगळे मागच्या बाकांवर पंख्याखाली कोंबलेले. पुढचे सहा बाक मोकळे. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "चला, पुढं सरका, पुढं जागा आहे, मधे उभं राहू नका." आणि लोक सरकले. म्हाताऱ्या बायकासुद्धा पिशव्या उचलून मुकाट पुढं आल्या. त्यानंतरचा माझा उपदेश कसा झाला ते मला आठवत नाही, लोकांनाही आठवत नाही. साहेबांनी नंतर एवढंच म्हटलं, "उपदेश झाला नाही, बाई. गाडी भरली." शिरसाठ सरांचं नाव गेलं. अमोलचं गेलं. माझ्या नावापुढं 'आणखी एक वर्ष' असं आलं.

आणि ते वर्षही शेवटचंच होतं, कारण साहेबांनी त्या वर्षानंतर शिकवणं बंद करायचं ठरवलं होतं. डोळे साथ देत नव्हते. त्यांच्यामागं वर्ग चालवायला कोणी तयार नव्हतं. यंदा नाव गेलं नाही तर मग नाहीच, हे मला, दिलीपला आणि बहुधा बाहुलीलाही ठाऊक होतं.

आमच्याकडं उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ऐन दुपारी तीन तासांची उपासना असते. क्रुसावरून प्रभू जे सात वेळा बोलला त्या सात वचनांवर सात जणांनी बोलायचं. प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली असते आणि ती पाळणारा माणूस अजून आमच्या चर्चमध्ये जन्माला यायचाय. मंडळी उपाशी. आमच्या चर्चचा रिवाज असा, की उपासना संपेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. साहेब तर त्या दिवशी थुंकीही गिळत नसत म्हणे. पहिलं वचन सगळ्यांना हवं असतं, कारण तेव्हा लोक जागे असतात. सातवं हवं असतं, कारण तेव्हा लोक सुटणार असतात. पाचवं कुणालाच नको असतं. एक तर तोवर चार उपदेश झालेले असतात, आणि दुसरं म्हणजे पाचवं तहानेचं आहे, 'मला तहान लागली आहे' एवढंच. एप्रिल महिना, दगडी चर्च, कोरडी तोंडं आणि वर तहानेवर व्याख्यान. लोक ऐकत नाहीत, सोसतात.

वचनं वाटायला बैठक बसली तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. साहेब म्हणाले, "पाचवं बाईंना. यंदा त्यांची परीक्षा तीच."

मग आमच्या घरात तो कूलर बंद पडला. बंद पाडला म्हणा. पहिल्या रविवारी मी वही घेऊन कूलरपुढं बसले होते, तर दिलीप म्हणाला, "तहानेवर बोलायचं आन गार वाऱ्यात बसून लिहायचं, हे काय बरं दिसत नाय." तो थट्टेनं बोलला होता. मला ते लागलं. मी उठून बटण बंद केलं, ते उपवासकाळ संपेपर्यंत चालू केलं नाही. बिचाऱ्यानं पुन्हा थट्टा केली नाही. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा आणि माझा उपदेश ऐकायचा. तो उपदेश दर आठवड्याला लांब होत होता. शिरसाठ सरांनी मला दोन ग्रीक शब्द दिले होते, मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे पोटमुद्दे पाडून दिले होते. दिलीप शेवटी म्हणाला, "आगं, लई भारीय. पण मला तहान लागंना. मला झोप लागायलीय."

गाडीत परतीच्या फेरीला माणसं कमी असली की मी मागच्या सीटपाशी उभी राहून पुटपुटत पाठ करायचे. एकदा ढोरकीनच्या एका म्हातारीनं माझं पुटपुटणं ऐकलं, पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाली, "तान्ह लागली व्हय, माय? मग मागायचं ना. अशी काय बडबडायलीस." मी उपवासकाळात दिवसा पाणी पीत होते, तरीही त्या दिवशी ती बाटली नाकारताना मला उगाच मोठी साध्वी असल्यासारखं वाटलं. नंतर पैठणला उतरून मी घटाघटा पाणी प्यायले.

गाडीचे ड्रायव्हर रफिकभाई. त्या वर्षी त्यांचा रमजान आणि आमचा उपवासकाळ एकत्र आले होते. त्यांचा रोजा खरा. पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत पाणी नाही, आणि पुढं इंजिन तापलेलं. मी माझी बाटली त्यांना दिसू नये म्हणून सीटखाली लपवायचे. एकदा त्यांनी आरशातून पाहिलं आणि हसले. "छुपाते कायकू, बाई? पियो ना. देखने से कुछ नै होता."

मी म्हटलं, "मग कशानं होतं, रफिकभाई? मला तहानेवर बोलायचंय चर्चमध्ये."

त्यांनी एक वळण घेतलं. मग म्हणाले, "आवाज से होता. वो क्या है ना बाई, पानी दिखा तो आदमी मुंडी फिरा लेता. पर कोई हंडे में पानी डाला ना, वो आवाज आया, तो जान जाती. कान कू कैसा फिराते?"

मी ते वहीत लिहिलं नाही. ग्रीक शब्दांच्या शेजारी ते शोभलं नसतं.

आमच्या शहरात उन्हाळ्यात नळाला पाणी केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तिकडं पैठणला धरण, मी रोज ते बघून येते, एवढं पाणी की पलीकडचा काठ दिसत नाही. इकडं घरोघरी निळे ड्रम आणि आठवडा-आठवडा वाट बघणं. 'नळ आले' हे दोन शब्द ऐकले की आमच्याकडं माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो, दाढी अर्धी सोडतो. चर्चच्या भिंतीला लागून आमच्याच मंडळीतल्या लोकांची वस्ती आहे. तिथल्या बायका नळाची तोटी उघडीच ठेवतात. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते, सूंऽ असा आवाज होतो. वस्तीतल्या मार्थामावशी या आवाजातल्या जाणकार. झोपेतही त्यांना तो ऐकू येतो आणि त्याच साऱ्या आळीला उठवतात.

उत्तम शुक्रवारी त्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. उपासना साहेब स्वतः चालवत होते. सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत, मागच्या बाकांवर, पंख्याखाली. पंखे गरम हवा इकडून तिकडं ढकलत होते. पहिल्या वचनाला कमिटीच्या सेक्रेटरींनी जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. तिसऱ्या वचनापर्यंत लहान मुलं बाकांखाली फरशीवर आडवी झाली होती. चौथ्याला माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. तहान नव्हे, भीती.

माझं नाव पुकारलं. मी पुलपीटवर चढले. पाय जुळवले. हात छातीशी घेतले. शेवटच्या खिडकीकडं पाहिलं. साहेबांनी मान किंचित हलवली. पहिलं वाक्य झालं, पहिला ग्रीक शब्द झाला, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. सूंऽऽ.

मार्थामावशींची मान वळली. मग त्यांच्या शेजारणीची. मग ती मान वळण्याची लाट बाकाबाकांनी मागं गेली. कोणी जागचं उठलं नाही. उत्तम शुक्रवारी कोण उठणार? पण मी इतकी वर्षं माणसांचे चेहरे बघतेय. आपला थांबा आलाय आणि गाडी थांबत नाहीये, असा चेहरा कसा दिसतो ते मला कळतं. सगळी मंडळी तसल्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघत होती. काहींचे हात पिशव्यांवर गेले होते. मी आवाज चढवून दुसरा ग्रीक शब्द घेतला असता तर त्यांनी तोही सोसला असता, आणि मनात ड्रम मोजत बसले असते.

मी कागद मिटला. माझी कंबर कठड्याला टेकली होती, ते मला नंतर सांगण्यात आलं.

"एका घरातून एकच जण उठा," मी म्हटलं. "आधी दाराजवळचे. घाई करू नका, गर्दी करू नका. ज्यांच्या घरचं कुणीच आलं नाय त्यांचाही ड्रम भरा. भरलं की परत या. तोपर्यंत आम्ही थांबलोय."

ते सगळं गाडीतल्या आवाजात निघालं. लोक उठले, ओळीनं, एक दारातून गेला की दुसरा. मार्थामावशी सगळ्यांत पुढं. साहेबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, संपलं. तीन वर्षांचे शनिवार, दुसऱ्यांच्या दिवाळ्या, बिडकीनची आजी, सगळं मी या एका वाक्यात घालवलं. मला रडायला येत होतं. पण मी 'थांबलोय' असं म्हटलं होतं, म्हणून पुलपीटवर नुसती उभी राहिले. बोलायला काही उरलंही नव्हतं.

मग पाणी पडायला लागलं. आधी फुरफुर, खोकल्यासारखी. मग रिकाम्या ड्रमाच्या तळाशी ढणढण. मग कुणाच्या स्टीलच्या हंड्यात, कुणाच्या प्लास्टिकच्या बादलीत, एकाच वेळी दहा घरांत. भांडं भरत जातं तसा आवाज बदलतो, आधी मोठा, मग जाड, मग बारीक होत काठाशी येतो. दगडी भिंतींच्या आत आम्ही ते सगळं ऐकत बसलो होतो. मागच्या बाकावरच्या एका लहान मुलीनं आईकडं बघून ओठ चाटले. आईनं तिला जवळ ओढलं आणि स्वतः आवंढा गिळला. पंख्याशिवाय आत काही हलत नव्हतं. मी चोरून साहेबांकडं पाहिलं. डोळे मिटलेलेच होते. पण गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मग पुन्हा वर गेली.

गेलेले लोक एकेक करून परत आले, ओल्या पायांनी, भिजलेल्या पदरांनी. मागं जायचा धीर कुणाला झाला नाही, म्हणून ते पुढच्या मोकळ्या बाकांवर बसत गेले. सगळे आल्यावर मी म्हटलं, "मला जे सांगायचं होतं ते तुम्ही ऐकलं. आमेन." आणि खाली उतरले.

सहाव्या वचनाला शिरसाठ सर. त्यांचे मुद्दे फार व्यवस्थित होते.

तीनची घंटा झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये सरबत होतं. साहेबांनी एक पेला घेतला, उभ्यानंच संपवला. दुसरा मागितला. मग तिसरा. मी समोरच होते, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. शिरसाठ सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण त्यात मुद्देच नव्हते." दिलीपनं घरी आल्या आल्या कूलर लावला आणि पहिल्यांदा मला त्याच्यापुढं बसवलं. ईस्टरच्या रविवारी साहेबांनी हस्तांदोलन केलं, सगळ्यांशी केलं तसंच. मी समजायचं ते समजले.

त्या आठवड्यात एका सकाळी मी स्टँडवर गाडी लावून उभी होते, तर साहेब हातात छत्री घेऊन चढले. माझ्या गाडीत ते कधीच आले नव्हते. मी विचारलं, "साहेब, कुठं?"

"तुमची गाडी जाईल तिथपर्यंत," ते म्हणाले आणि माझ्यापुढच्या सीटवर बसले, पाठ न टेकता.

चितेगाव गेलं. गाडीत बऱ्यापैकी माणसं होती, एका बाईच्या मांडीवर खरबुजांची पाटी होती. मी तिकिटं देऊन परत आले तसे साहेब उठून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा ना." ते म्हणाले, "हे उभ्यानंच सांगायचं असतं." त्यांनी पाय जुळवले, हात छातीशी घेतले, नजर लोकांच्या डोक्यांवरून मागच्या काचेकडं लावली, आणि रफिकभाईंनी एक खड्डा चुकवला. साहेब सरळ खरबुजांकडं निघाले. मी त्यांचा दंड धरला.

"साहेब, गाडी चालू आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या पायांकडं पाहिलं. मग सावकाश पाय फाकवले, कंबर सीटला टेकवली आणि हात वर करून दांडी धरली. पांढऱ्या केसांचा तो ताठ माणूस दांडीला लोंबकळलेला बघून मला हसू आवरेना.

"काल बिशपसाहेबांना फोन केला," ते म्हणाले. "तुमचं नाव दिलं."

मी त्यांचा दंड सोडला.

"शेवटची प्रार्थना न म्हणता खाली उतरलात. ते चुकलं. पुन्हा करू नका." गाडीनं हिसका दिला, त्यांनी तो पोटात घेतला. मग त्यांचा आवाज खाली आला. "आयुष्यभर हा उपास केला मी, बाई. लोकांना शिकवला. थेंबाला शिवलो नाही कधी. पण तहान लागली नव्हती. त्या दिवशी तुम्ही आम्हाला पाणी ऐकायला लावलं, तेव्हा लागली. या वयात, पहिल्यांदा."

खरबूजवाली बाई आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. डोळे भरून आले होते, आणि सवयीनं हात दोरीकडं गेला. मी दोरी ओढली. एकदाच. एक बेल म्हणजे थांबा. रफिकभाईंनी माळरानात गाडी कडेला घेतली, आरशातून मागं पाहिलं आणि ओरडले, "कौन उतररा, बाई?"

कोणीच उतरत नव्हतं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी तशीच उभी होते, पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, दांडी घट्ट धरून, गाल ओले. साहेबांनी केव्हाच दांडी सोडली होती. पाय जुळलेले, हात छातीशी. ते माझ्या कानाजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, गाडी उभी आहे."

पुढच्या थांब्यावर आजी उभी असणार होती. मी दांडी सोडली, डोळे पुसले आणि डबल बेल दिली.